फुकट दिलं तरी उकिरड्याला जड!

परवा हौसेनं मागवलेली चप्पल आजीला दाखवली. तिनं एकदाच वाकवून पाहिली नि म्हणाली, "फुकट दिली तरी उकिरड्याला जड." तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. कुचकामी, बिनकिमतीच्या गोष्टींना तुमच्याकडे काय म्हणायचे? घरात कानांवर पडलेलंच सांगा, पुस्तकातलं नको.

*

आजोबांचं ठरलेलं, "असले पायलीचे पंधरा अन् अधोलीचे सोळा!" मला वाटायचं, उगाच लयीसाठी पुढचं जोडलंय. मग कळलं, पायली चार शेरांची आणि अधोली तिच्या निम्मी. म्हणजे अर्ध्याच धान्यात वर एक नग जास्त! इतका हिशेबी अपमान मी दुसरा ऐकला नाही. आजोबा हे लग्नात आलेल्या पुढाऱ्यांबद्दल म्हणायचे, तेही पुढारी शेजारच्या खुर्चीत असताना.

*

काडीची किंमत नाही. आमच्याकडे एवढ्यावरच भागायचं.

*

300 रुपयांना जुनी सायकल घेतली. टायर, ट्यूब, चेन करता करता वर 1100 गेले. वडील रागावले नाहीत. रोज संध्याकाळी फक्त विचारायचे, "झाला का मसाला?" चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, ही अख्खी म्हण त्यांनी कधी उच्चारलीच नाही.

*

सासूबाईंचं आवडतं, "भोकाच्या पैशाएवढी अक्कल नाही." मला हा टोमणा जरा अतीच वाटायचा. पण तसा पैसा खरंच होता की! 1943 पासून काही वर्षं मधोमध भोक असलेला पैसा निघायचा, रुपयाला चौसष्ट. त्यांनी एक सुतळीत ओवून ठेवलाय. मागितला तर देत नाहीत, म्हणजे किंमत आहेच.

*

आमचं किराणा दुकान होतं. तराजूची पारडी सारखी व्हावीत म्हणून हलक्या बाजूला एखादा खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा लावतात, तो पासंग. वजनात त्याला कुणी धरत नाही. मामा मला सतत ऐकवायचे, "थोरल्याच्या पासंगालाही पुरायचा नाहीस." दहावीला मला थोरल्यापेक्षा 2 गुण जास्त पडले. पेढे घेऊन गेलो. मामांनी गुणपत्रिका उलटसुलट पाहिली नि म्हणाले, "मास्तरांनी पासंग टाकलेला दिसतोय."