चीनची चोवीस ऋतुपर्वं: पाळण्याजोगी की आठवणीपुरती?

उंबरठा:
नोकरीमुळे चार वर्षं हांगझोऊला होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "आज जिंगझे. जमिनीतले किडे आता जागे व्हायला लागतील." त्यांच्या ओट्यामागच्या फाडायच्या कॅलेंडरवर त्या दिवशी हेच नाव छापलेलं होतं.

हिशेब सरळ आहे. सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे ३६० अंश, त्याचे पंधरा-पंधरा अंशांचे २४ तुकडे. याला चिनी शब्द जिएची. एकेक तुकडा साधारण पंधरा दिवसांचा, आणि त्यातही पाच-पाच दिवसांचे तीन भाग, म्हणजे वर्षाचे ७२. सप्टेंबरच्या सुरुवातीला 'पांढरं दव', ऑक्टोबरच्या सुरुवातीला 'थंड दव', २३ ऑक्टोबरच्या सुमारास 'दव गोठलं'. रात्र कशी गार होत जाते हे तीन नावांतच कळतं. २०१६ मध्ये युनेस्कोनं ही पद्धत मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

एप्रिलच्या सुरुवातीला चिंगमिंग येतं. पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करायचा तो दिवस. २००८ पासून सरकारी सुट्टी असते. लोंगजिंग चहाची पानं त्याआधी खुडलेली असली तर सर्वांत चांगली समजतात. ती भाजताना मी जवळून पाहिलंय. तापलेल्या लोखंडी कढईत उघडा तळहात, पानं कढईच्या अंगाला दाबायची, सरकवायची, उचलून पुन्हा सोडायची. हिरवी पानं बघता बघता चपटी होतात. भाजणाऱ्या काकांचा हात क्षणभरही थांबला नाही.

माझं म्हणणं एवढंच, की शहरातल्या माणसानंही असं एखादं पंचांग पाळावं. आपल्याला ऋतू कळतो तो विजेच्या बिलावरून. हे काही बरं नाही.

काळी_माती:
सहमत नाही. ताई, तुम्ही लिहिलंय छान, पण दुसरी बाजू मांडतो.

ही पर्वं ठरली पीत नदीच्या खोऱ्यात. तिथला हिवाळा, तिथली पिकं. पार दक्षिणेतल्या ग्वांगझोऊच्या माणसानं नोव्हेंबरात 'लहान हिम' हे पर्व कसलं पाळायचं? त्याच्या बापजाद्यांनीही दारात बर्फ पाहिला नसेल. तुमच्या त्या ७२ भागांत 'सडलेल्या गवताचे काजवे होतात' आणि 'ससाण्याचा होला होतो' असंही आहे. याला निसर्गाशी जवळीक कशी म्हणायची?

चहाचंच घ्या. चिंगमिंगच्या आधीचा म्हटलं की भाव चढतो, म्हणून लवकर फुटवा येणारं लोंगजिंग-४३ सारखं वाण लावतात. म्हणजे झाडाच्या वेळेला माणूस जुळवून घेत नाही, तारखेसाठी झाडच बदललं.

आणि तारखेवर विसंबण्याची किंमत माझ्या घरानं मोजलीय. मृग लागला की धूळपेरणी करायची, हा वडिलांचा नेम. ७-८ जूनला मृग लागतो तो लागतोच, पाऊस मात्र येईलच असं नाही. एका वर्षी तीन आठवडे आभाळ कोरडं. सोयाबीन मातीतच करपलं. दुबार पेरणीचं बियाणं उसनवारीवर आणलं, ते फेडायला दोन वर्षं गेली. त्यामुळे 'ऋतूशी सुसंवाद' हे शब्द ऐकले की मला ते उघडं रान आठवतं.

ध्रुवमत्स्य:
दोघंही ही पर्वं हवामानाचा अंदाज असल्यासारखं बोलताय. मुळात ते खगोलगणित आहे. २४ नावांची पूर्ण यादी इ.स.पू. १३९ च्या ग्रंथात सापडते, आणि इ.स.पू. १०४ च्या पंचांगसुधारणेत ती दिनदर्शिकेला बांधली गेली. आधी वर्षाचे सारखे २४ भाग करत. १६४५ मध्ये जेझुइट धर्मगुरू आडाम शाल यांच्या देखरेखीखाली सूर्याचे प्रत्यक्ष अंश मोजायला सुरुवात झाली.

आपल्याशी याचं खरंखुरं नातं आहे. ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो आपला अधिक मास. ज्या महिन्यात चोवीसपैकी एकाआड एक येणाऱ्या 'मधल्या' बारांतलं एकही पर्व येत नाही, तो त्यांचा. नियम जुळा, पण ते सायन, म्हणजे संपाताला धरून मोजतात, आपण निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून. म्हणून २०२३ मध्ये आपला श्रावण अधिक होता आणि त्यांचा दुसरा महिना. त्यांचं दोंगझी २१-२२ डिसेंबरला, खरोखर सर्वांत लहान दिवसाला येतं. आपली मकरसंक्रांत तिथून २४ दिवस पुढे सरकलीय. काळी_माती, तुमचा मृगही असाच सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस सरकतोय. त्यांचं पर्व ऋतूला धरून राहतं, हे मान्य करावं लागेल.

काळी_माती:
सूर्याला धरून राहतं. पावसाला नाही. पेरणी मी पावसावर करतो.

निरगुडी:
मी वैद्यकातली आहे, म्हणून एका गोष्टीपुरतंच लिहिते. उन्हाळ्याच्या ऐन तापात पाठीवर मोहरी-आल्याचा लेप लावून हिवाळ्यातला दमा टाळायचा, अशी तिकडे प्रथा आहे आणि त्यासाठी दवाखान्यांत रांगा लागतात. त्या लेपानं कातडीवर फोड येतात. लहान मुलांना तर तो लावूच नये. दोंगझीला उत्तरेत डंपलिंग आणि दक्षिणेत तांदळाचे गोळे खा, जरूर खा. पण दम्याचा पंप कॅलेंडर बघून बंद करू नका.

उंबरठा:
निरगुडी, पूर्ण मान्य.

काळी_माती, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण चीनमधलीच एक म्हण बघा: 'पांढऱ्या दवाला लवकर, थंड दवाला उशीर, गहू पेरावा शरद संपातावर.' शरद संपात म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र सारखी होते ते पर्व. ही उत्तरेची म्हण. दुसऱ्या मुलखात ती लागू होत नाही हे तिथल्या शेतकऱ्यांना ठाऊक असतं. जपानमध्ये तर शिबुकावा शुनकाई यांनी १६८५ च्या पंचांगासाठी ७२ भागांतले मजकूरच आपल्या हवेप्रमाणे बदलून घेतले. चौकट ठेवायची, आतला मजकूर आपल्या मातीतून लिहायचा. मला हेच हवंय.

काळी_माती:
मजकूर बदलायला आधी ऋतू जागेवर राहायला हवेत. ते राहिलेत का? तुमच्या घरमालकीणबाईंना तरी ५ मार्चलाच किडे दिसायचे?

उंबरठा:
नाही. म्हणूनच त्या लिहून ठेवत. मार्चमधल्या वसंत संपाताच्या पहिल्या पाच दिवसांत भिंगऱ्या (पाकोळीसारखे पक्षी) परत येतात असं जुन्या यादीत आहे. त्यांच्या वळचणीला मातीचं घरटं होतं. शाळेच्या वहीत दरवर्षी एकच ओळ: पहिली भिंगरी कधी दिसली, संपाताच्या किती दिवस आधी किंवा नंतर. मी विचारलं, तारीख चुकतेच तर यादी कशाला पाळायची? त्या म्हणाल्या, "यादी नसती तर चुकली हे कळलं असतं का?" मी निघाले त्या वर्षीची ओळ माझ्यासमोर लिहिली त्यांनी. सहा दिवस आधी.