शेजारचं कुत्रं आणि आपली झोप: तुमचे अनुभव लिहा

वरच्या मजल्यावरचा लॅब्राडोर रोज रात्री सव्वाअकराला सुरू होतो. दहा मिनिटं नुसता धिंगाणा. सेक्रेटरींना पत्र दिलं, त्यांनी ते फाइलला लावलं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 निवासी भागाला 45 डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा 55. पण पोलीस येईपर्यंत कुत्रं घोरत असतं! हे ज्यांनी निस्तरलंय त्यांनी लिहा. कुत्रेवाल्यांनीही लिहा, भांडणार नाही.

ठाणेकर
ताई, आमच्या कमिटीने सर्वसाधारण सभेत ‘कुत्री बंद’ असा ठराव केला होता. मीच अनुमोदक. मग कुणीतरी केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचना समोर ठेवल्या. बहुमत असलं तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, भुंकण्याचं कारण देऊनही नाही. ठराव मुकाट्याने मागे घेतला. मात्र त्याच सूचनांत मालकांनाही सांगितलंय, की कुत्रं, विशेषतः रात्री, शांत ठेवायचा पुरेपूर प्रयत्न करा. तेवढाच कागद लिफ्टजवळ लावला. बऱ्यापैकी फरक पडला.

बाळ्याची आई
मी दुसऱ्या बाजूची. एकदा दाराच्या कडीत चिठ्ठी: ‘तुमचं कुत्रं दिवसभर रडतं.’ खाली नाव नाही. भयंकर राग आला. आम्ही दोघं नोकरीला, घरी आल्यावर हा शहाण्यासारखा शेपूट हलवणार! जुना फोन रेकॉर्डिंगला लावून गेले. संध्याकाळी ऐकलं आणि पोटात गोळा आला. साडेदहापासून भुंकणं, मध्येच हेल काढून रडणं, परत भुंकणं. गॅलरीच्या जाळीतून समोरच्या कंपाउंडवरची मांजर दिसायची, ते एक कारण. जाळीच्या खालच्या अर्ध्या भागाला जुनी चादर बांधली, सकाळचं फिरणं वीस मिनिटांवरून पाऊण तासावर नेलं. रडणं मात्र एकटेपणाचं होतं. शेजारच्या आजींकडे किल्ली दिली. चिठ्ठी त्यांचीच होती, हे त्यांनी चार महिन्यांनी सांगितलं.

नाशिकहून
आमच्याकडे भटक्यांचा त्रास. गेटपाशीच खायला घालायचे, मग रात्रभर टोळीयुद्ध. 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे खाऊ घालायची जागा आणि वेळ ठरवून देणं सोसायटीच्या अंगावर येतं. जागा पाण्याच्या टाकीमागे नेली. नसबंदी झालेली कुत्री त्याच भागात परत सोडतात, तेव्हा ‘उचलून न्या’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

सिडनीतला एक
इथे काउन्सिल तक्रारदाराला भुंकण्याची डायरी भरायला लावते: तारीख, वेळ, किती मिनिटं. तक्रार खरी ठरली तर मालकावर सहा महिन्यांचा आदेश निघतो. आमच्यावर तक्रार झाली तेव्हा डायरीतले पाच दिवस असे निघाले, की आम्ही कुत्र्यासकट मेलबर्नला होतो. भुंकणारा मागच्या गल्लीतला! शेजारी बिअर घेऊन आला.

पेन्शनर
112ला फोन केला होता. हवालदारसाहेब कुत्र्याला बिस्किट देऊन गेले.

धागाकर्ती
आज धीर करून वर गेले. दादा नाइट शिफ्टला निघतात सव्वाअकरालाच. लिफ्टचं जाळीचं दार खाडकन बंद झालं, की हा सुरू. घरात फक्त त्यांची आई, त्यांना ऐकू कमी येतं. आज जिन्याने उतरून बघतो म्हणाले.
अकरा वाजून गेलेत. जागीच आहे.