तोर्तिया: पोळी की भाकरी? मेक्सिकन स्वयंपाकघरातील काही शब्दांविषयी

मेक्सिकन पदार्थांच्या पाककृती आता मराठीत नियमितपणे लिहिल्या जातात आणि त्यांत 'टॉर्टिला म्हणजे मक्याची पोळी' हे समीकरण वारंवार आढळते. हे समीकरण कितपत योग्य आहे, आणि त्याच्या बरोबरीने येणाऱ्या इतर शब्दांना मराठीत काय म्हणावे, याविषयी ही चर्चा आहे. माझे मत आधीच नोंदवून ठेवतो. मेक्सिकोच्या अन्नाची जी ओढ जगभरातल्या लोकांना वाटते, तिचे मूळ मसाल्यांच्या यादीपेक्षा तिथल्या कृतींमध्ये अधिक आहे आणि त्या कृती तिथल्या शब्दांनी शतकानुशतके जपून ठेवल्या आहेत. म्हणून प्रतिशब्द शोधताना पदार्थाचा आकार न पाहता त्याची कृती पाहावी, आणि जिथे ती कृती आपल्याकडे नाही तिथे मूळ शब्दच मराठीत रुळवावा.

उच्चाराचा मुद्दा थोडक्यात संपवतो. स्पॅनिशमधील 'त' दंत्य आहे आणि मराठीत दंत्य 'त' असताना इंग्रजीच्या वाटेने आलेला 'ट' स्वीकारण्याचे कारण दिसत नाही. म्हणून 'टॉर्टिला'ऐवजी तोर्तिया, आणि तसेच ताको (सारण घालून दुमडलेली तोर्तिया), केसादिया (चीज घालून भाजलेली तोर्तिया), हालापेन्यो (एक मिरची) आणि वाहाका (हे दक्षिण मेक्सिकोतील राज्य) अशी रूपे मी वापरतो. पोर्तुगीजांकडून आलेला 'बटाटा' आता मराठीच झाला आहे, तसा उद्या 'टॅको' झाला तर त्यालाही हरकत नसावी; मात्र नव्याने लिहिणाऱ्याने मूळ उच्चार ठाऊक असून तो टाळू नये. लिंगवचनाची अडचण नाही. 'फोटो'प्रमाणे एक ताको, चार ताको. आणि तोर्तिया मूळ भाषेत स्त्रीलिंगी आहे, तशी मराठीतही सहज स्त्रीलिंगी राहते.

आता पोळी आणि भाकरी. मराठीत पोळी लाटली जाते, भाकरी थापली जाते. हा भेद केवळ सवयीचा नाही. गव्हात चिकटपणा असतो म्हणून त्याची कणीक लाटण्याखाली ताणली जाते, ज्वारी-बाजरीत तो नसतो म्हणून उंडा हाताने थापावा लागतो. मक्यातही तो चिकटपणा नाही आणि मेक्सिकोत मक्याची तोर्तिया परंपरेने दोन्ही तळव्यांमध्ये थापतच करतात. या थापण्यासाठी तिथल्या बोलीत 'तोर्तेआर' असे स्वतंत्र क्रियापद आहे. नाउआत्ल भाषेत, म्हणजे स्पॅनिश लोक येण्याआधी मेक्सिकोत राज्य करणाऱ्या आस्तेकांच्या भाषेत, तोर्तियाला 'त्लाश्काल्ली' म्हणत. 'तोर्तिया' हे नाव स्पॅनिश लोकांनी स्वतःच्या देशातल्या चपट्या केकवरून दिले. खुद्द स्पेनमध्ये तोर्तिया म्हणजे ऑम्लेट. तेव्हा दोहोंपैकी एकच निवडायचा असेल तर मक्याच्या तोर्तियाला 'भाकरी' हा शब्द जवळचा आहे, 'पोळी' नाही. मात्र उत्तर मेक्सिकोतल्या सोनोरा भागात गव्हाची तोर्तिया खातात आणि तिला पोळी म्हणणे अगदी रास्त आहे. तिथलीच 'सोबाकेरा' नावाची मोठी, पातळ तोर्तिया दोन्ही हातांवर ताणत ताणत वाढवतात आणि उलट्या, फुगीर तव्यावर भाजतात. खानदेशात खापरावर मांडे होताना ज्याने पाहिले आहेत, त्याला या कृतीचे वेगळे वर्णन करून सांगावे लागणार नाही.

तरीही 'भाकरी' म्हणून थांबता येत नाही, कारण भाकरी कोरड्या पिठाची असते आणि तोर्तिया कोरड्या पिठापासून सुरू होत नाही. तिची सुरुवात 'निक्स्तामाल'पासून होते. वाळलेला मका पाण्यात चुना घालून उकळतात, मग त्याच पाण्यात रात्रभर ठेवतात. सकाळी दाणा बोटांत धरून चोळला की त्याची साल बुळबुळीत होऊन सुटते. मका धुऊन ते पाणी टाकून द्यायचे आणि तो ओला, अर्धा शिजलेला मका वाटून त्याचा गोळा करायचा. चुन्यामुळे सालीतले घटक विरघळून पिठाला असा बांधेपणा येतो की तोर्तिया न तुटता दुमडते. साध्या मक्याच्या पिठाची भाकरी दुमडून पाहिली म्हणजे फरक लगेच कळतो. पुढची भाजणीही वेगळी आहे. आपण भाकरीच्या वरच्या बाजूला पाणी लावतो, ती उलटतो आणि शेवटी निखाऱ्यावर किंवा आचेवर फुगवतो. तोर्तियाला पाणी लावत नाहीत. ती तव्यावरच दोनदा उलटली की फुगते. हा तवा म्हणजे 'कोमाल'. तो मातीचा असेल तर त्याला आधी चुन्याच्या पाण्याचा हात देतात, म्हणजे तोर्तिया चिकटत नाही. तोर्तिया टम्म फुगली की घरातल्या बायका मुलीला म्हणतात, आता तुझे लग्न करायला हरकत नाही.

'निक्स्तामाल' या शब्दाची फोड पाहण्यासारखी आहे. नाउआत्लमध्ये 'नेश्त्ली' म्हणजे राख आणि 'तामाल्ली' म्हणजे मक्याचे उकडलेले पीठ. राख असो वा चुना, क्षाराने मका पचनी पडणारा होतो, हे ज्ञान त्या एका शब्दात साठवलेले आहे. त्याचे मोल किती होते, हे तो शब्द मागे ठेवून मका परदेशी गेला तेव्हा कळले. स्पेन आणि इटलीत गरिबांनी मका मुख्य अन्न म्हणून स्वीकारला, पण चुन्याची कृती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. मक्यातले नायासिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या स्वरूपात असते आणि क्षाराशिवाय ते शरीराला मिळत नाही; त्यामुळे या देशांत पेलाग्राचा रोग पसरला. अठराव्या शतकात गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने त्याचे वर्णन केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत जोसेफ गोल्डबर्गर यांनी त्याचे कारण आहारात असल्याचे दाखवून दिले. मेक्सिकोत मका हजारो वर्षे मुख्य अन्न राहिला आणि तिथे हा रोग त्या प्रमाणात झाला नाही. अशा शब्दाला 'चुन्यातला मका' असा प्रतिशब्द देता येईल, परंतु माझ्या मते 'निक्स्तामाल' हाच शब्द मराठीत यावा.

निक्स्तामाल वाटून जो गोळा होतो त्याला स्पॅनिशमध्ये 'मासा' म्हणतात आणि इथे मराठीत खरी अडचण उभी राहते. 'मासा हाताने मळून घ्यावा' हे वाक्य मराठी वाचकाने कसे वाचायचे? 'कणीक' गव्हाशी बांधलेली आहे. मला 'निक्स्तामालचे पीठ' आणि गोळ्यासाठी 'उंडा' हे पर्याय बरे वाटतात.

वाटण्याच्या साधनांचे शब्द मात्र आपल्याला अनोळखी वाटू नयेत. 'मेताते' हा तीन पायांचा, किंचित उतरता दगडी पाटा आहे. बाई त्याच्यासमोर गुडघे टेकून बसते आणि दोन्ही हातांनी वरवंटा पुढेमागे सरकवते. 'पाटा' हा प्रतिशब्द इथे नि:शंक वापरावा. वरवंट्याचे नाव 'मेत्लापिल' आहे आणि त्याचा अर्थ 'पाट्याचे मूल' असा लावतात. आपल्याकडे बारशाच्या दिवशी बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध जोडण्याचे कारण नाही. पण जिथे दगडावर रोजचे अन्न वाटले जाते, तिथल्या बायकांना त्या दगडात लेकरू दिसावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

'मोले' या शब्दाविषयी जास्त गैरसमज आहे. 'चॉकलेटचा सॉस' हे त्याचे प्रचलित वर्णन चुकीचे आहे. नाउआत्ल 'मोल्ली' म्हणजे वाटून केलेले कालवण. अवोकाडोला 'आवाकात्ल' म्हणत, म्हणून त्याचे ते 'ग्वाकामोले'. म्हणजे हा शब्द शिजवलेल्या आणि कच्च्या दोन्ही प्रकारांना लागू होता. आजच्या मोलेत वाळलेल्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे किंवा बदाम, मसाले आणि कधी दाटपणासाठी करपवलेली तोर्तिया असते; चॉकलेट काही मोलेंतच आणि तेही बेताने घालतात. 'वाटण' ही मराठीत मधली पायरी झाली, 'रस्सा' पातळ झाला. 'कालवण' हा शब्द अधिक जुळतो. लग्नात, नामकरणात आणि नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला मृतांच्या स्मरणासाठी मांडलेल्या वेदीवर मोले असतो. त्या वेदीवर झेंडूची फुलेही असतात आणि आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा तिथलाच आहे. एखादी गोष्ट आपल्या हातखंड्याची असली की मेक्सिकन माणूस 'हा तर माझा खरा मोले' असे म्हणतो. भाषेत इतका खोल रुजलेला पदार्थ 'सॉस' म्हणून सांगणे मला अन्यायाचे वाटते.

मिरचीचे नाव पाहू. मराठीने नव्या फळाला जुन्या 'मिरी'वरून 'मिरची' म्हटले आणि स्पॅनिश लोकांनीही त्यांच्या 'पिमिएंता'वरून 'पिमिएंतो' म्हटले. मेक्सिकोने मात्र नाउआत्ल 'चिल्ली'वरून 'चिले' कायम ठेवले. तिथे ओली आणि वाळलेली मिरची यांची नावे वेगळी असतात: ओला पोब्लानो वाळला की आंचो, धुरी दिलेला हालापेन्यो म्हणजे चिपोत्ले. पाककृतीत 'लाल मिरची' लिहिल्याने हा सगळा भेद बुडतो, म्हणून नाव तसेच द्यावे. 'तोमाते वेर्दे'चे 'हिरवे टोमॅटो' असे भाषांतर तर सरळ चुकीचे आहे. ते कागदी आवरणातले, रसभरीच्या कुळातले वेगळेच फळ आहे. मध्य मेक्सिकोत लाल टोमॅटोला 'हितोमाते' म्हणतात. आपल्या चिकूला तिथे 'चिकोसापोते' म्हणतात, त्यामुळे डहाणू-घोलवडच्या बागायतदारांच्या तोंडीही त्या प्रदेशाचा एक शब्द रोज असतो.

२०१० साली युनेस्कोने मेक्सिकोची पारंपरिक पाकपद्धती मिचोआकान प्रांताचे उदाहरण देऊन अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्यात नुसत्या पदार्थांचा गौरव नव्हता. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरण्याची 'मिल्पा' पद्धत, निक्स्तामाल, पाटा आणि ते सांभाळणाऱ्या गावांतल्या बायकांचे ज्ञान असे सगळे मिळून ती नोंद झाली. 'मिल्पा'ला 'मिश्रपीक' म्हणता येईल, पण त्यात शेताचे, घराचे आणि सणांचे जे नाते आहे ते उतरत नाही. हा शब्दही मी तसाच ठेवीन.

सातपुड्यात, विशेषतः धडगाव-अक्कलकुवा भागात, मक्याची भाकरी रोजच्या जेवणातली आहे. तिथल्या पावरी, भिली बोलींत मका भिजवून वाटण्याला, भाकरी थापण्याला किंवा मातीच्या तव्याला कोणते शब्द आहेत, हे जाणकारांनी अवश्य लिहावे. मेक्सिकन कृतींना प्रतिशब्द हवे असतील तर गव्हाच्या मराठीपेक्षा मक्याच्या या बोलींकडे आधी विचारणा व्हायला हवी.