डासाचं संरक्षक प्रथिन टेप१ बंद केल्यावर मलेरियाचे परजीवी वाढले, की सुईच्या जखमेमुळे?

प्रश्न: टेप१चा जीन बंद करायला अ‍ॅनोफिलिस गँबियी डासात त्याचा डबल-स्ट्रँडेड (दुपदरी) आरएनए टोचतेय. निम्मे डास सुईनेच मरतात! उरलेल्यांच्या आतड्यावर ऊसिस्ट (परजीवीच्या गाठी) भरपूर. श्रेय कुणाला द्यायचं?

उत्तर १: कंट्रोल गटाला जीएफपीचा (जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाचा) तसाच आरएनए टोचा. तो जीन डासात नसतोच, जखम मात्र तीच.

उत्तर २: सुईचं टोक जाड असणार. काचेची सुई पुन्हा ओढून बारीक करा, छातीच्या बाजूच्या मऊ पापुद्र्यात टोचा. मग 3-4 दिवस थांबून रक्त पाजा. हिमोलिम्फमधलं (डासाच्या रक्तातलं) जुनं टेप१ ओसरायला हवं.

उत्तर ३: एकेक जीन कशाला? प्रयोगशाळेत वाढवलेल्या डासाच्या पेशींवर क्रिस्पर लायब्ररी (एकेका पेशीत एकेक जीन तोडून अनेक जीन एकदम तपासणारा संच) चालवा.

प्रश्नकर्ती: पेशींना आतडं कुठंय? ऊकिनेट (परजीवीचं हालचाल करणारं रूप) आतड्याची भिंत ओलांडतो, तेव्हा टेप१ त्याला चिकटतं. मला तेच पाहायचंय. सुई बदलते.