लॉर्ड लायन: नंदीबैल की न्यायाधीश?

चिपळूणकर_बाहेरचा: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं, 'स्कॉटलंडचा लॉर्ड लायन म्हणजे सरकारी खर्चाने झूल पांघरून मिरवणारा नंदीबैल, पदच बंद करा.' राहवलं नाही. अहो, हा तिथल्या ढालचिन्हांचा, म्हणजे घराण्यांच्या नि संस्थांच्या ढालीवरच्या अधिकृत चिन्हांचा, मुख्य राजअधिकारी. मिरवणं वर्षातून मोजके दिवस. एरवी एडिनबरोत त्याचं खरंखुरं कोर्ट चालतं, स्वतंत्र सरकारी वकिलासकट. 1672 च्या कायद्याने सुरू झालेली ढालचिन्हांची नोंदवही आजही चालू आहे. नोंदणी नसलेलं चिन्ह मिरवलंत तर खटला. 2008 मध्ये ट्रम्पच्या ॲबर्डीनशायरच्या गोल्फ प्रकल्पालाही हरकत घेतली होती. इंग्लंडचं असलं कोर्ट दोनशे वर्षं झोपलं आणि 1954 मध्ये एकदाच जागं झालं.

तिरकस: अर्धीच गोष्ट सांगितलीत. 2012 मध्ये त्याच ट्रम्पला फी घेऊन रीतसर चिन्ह मिळालं की! आणि एअर युनायटेड या फुटबॉल क्लबला मात्र चाहत्यांचं लाडकं चिन्ह बदलावं लागलं. लाल सिंहाचा झेंडा कायद्याने राजाचा, तरी मॅचला हजारो लोक फडकवतात. त्यांना धरा ना! चिन्ह देणारा तोच, निवाडा करणारा तोच. हे कसलं कोर्ट?

रेवा_एडिनबरो: 2022 च्या सप्टेंबरात चार्ल्सच्या नावाची द्वाही फिरली तेव्हा मी एडिनबरोत मर्कॅट क्रॉसपाशी, म्हणजे जाहीरनामे वाचतात त्या चौकातल्या जुन्या स्तंभापाशी, होते. लॉर्ड लायनच्या झग्यावर पुढूनमागून आख्खं राजचिन्ह भरलेलं, आणि गर्दीतून चक्क हुर्योही. पण मला भलतंच बोलायचंय. आमच्या मेव्हण्याने ऑनलाइन एक चौरस फूट जमीन घेऊन 'लेअर्ड' (म्हणजे स्कॉटिश जमीनदार) हे बिरुद लग्नपत्रिकेत छापलं! असल्या तुकड्याची तिथे जमीन-नोंदणीसुद्धा होत नाही. लॉर्ड लायन तर त्यावर ढालचिन्हासाठी दारातही उभं करणार नाही.

लेअर्ड_ऑफ_सांगली: मीही घेतलाय. त्या पैशातून झाडं लावतात. तुमच्या पोटात का दुखतंय?

रेवा_एडिनबरो: झाडं लावा हो, वनमहोत्सव करा! बँकेच्या फॉर्मवर 'लेअर्ड' लिहून आमची शोभा करू नका. मेव्हण्याने लिहिलं तेव्हा तिथल्या काउंटरवरची बाई हसली, मान खाली घालून मीच उभी होते.

लेअर्ड_ऑफ_सांगली: म्हणजे हसली तुम्हाला, राग माझ्यावर. वा! आपल्याकडे रावबहादुरक्या विकत मिळायच्या तेव्हा तुमचे आजोबा रांगेत नव्हते ना?

रेवा_एडिनबरो: आजोबांपर्यंत जायचं काम नाही. तोंड सांभाळा.

चिपळूणकर_बाहेरचा: धागा लॉर्ड लायनचा आहे, चौरस फुटांचा नाही. तिरकस, फीवर घसरलात म्हणून सांगतो: 1867 पासून त्याला पगार आहे, फी सरकारी तिजोरीत जाते. इंग्लंडची ढालचिन्हं देणाऱ्या लंडनच्या हेरल्डांसारखं नाही, ते फीवरच चालतात.

तिरकस: बरं बाबा, खिशात घालत नाही, मान्य. प्रामाणिक नंदीबैल. एअर युनायटेडचं उत्तर अजून आलं नाही.

लेअर्ड_ऑफ_सांगली: आणि माझ्या झाडांचं?