स्कर्टिंगखालची एलईडी पट्टी: स्वयंपाकघर आणि बाथरूमसाठी कोणती घ्यावी, कुठे लावावी?

मधुरा_कोथरूड

मॉड्युलर किचन बसायचं आहे, त्याआधी वायरिंग ठरवायला हवं. ओटा एल आकाराचा: एक बाजू ३ मीटर, दुसरी १.८ मीटर. कॅबिनेट पीव्हीसीच्या पायांवर, पुढे १०० मिमीची क्लिपवर बसणारी स्कर्टिंग (पाय झाकणारी फळी). फरशी पांढरी, चकचकीत व्हिट्रिफाइड. रात्री पाणी प्यायला उठलं तर मोठा दिवा लावावा लागू नये, इतका मंद उजेड खालून हवा आहे. बाथरूममध्येही भिंतीवर टांगलेल्या ९०० मिमी व्हॅनिटीखाली (बेसिनच्या कपाटाखाली) असाच उजेड हवा. घरात वयस्कर माणसं आहेत, म्हणून तिथे सेन्सर.

इंटिरियरवाले म्हणतात, स्कर्टिंगमध्येच खाच मारून प्रोफाइल (पट्टी बसवायची पन्हळ) बसवू. इलेक्ट्रिशियन म्हणतो, १२ व्होल्टचा ५ मीटरचा रोल आणा, चिकटवून देतो. व्होल्ट, वॅट, रंग, ड्रायव्हरची (२३० व्होल्टची वीज पट्टीच्या व्होल्टवर आणणारा डबा) जागा, यातलं काय बरोबर?

उजेड_आणि_सावली

मधुराताई, पट्टी सगळ्यात शेवटी निवडा. आधी ती कुठे बसणार आणि तुमच्या फरशीत कशी दिसणार ते ठरवा. ही कामं बिघडतात ती बहुतेक इथेच.

चकचकीत फरशी आरशासारखं काम करते. दिव्याचं तोंड समोर किंवा सरळ खाली असेल, तर दोन मीटरवर उभ्या माणसाला फरशीवर पसरलेला उजेड कमी आणि पट्टीचं प्रतिबिंब जास्त दिसतं. साधी ६० एलईडी प्रति मीटरची पट्टी असेल तर ठिपक्यांची रांग स्पष्ट मोजता येते. दुधी झाकण लावलं तरी पातळ प्रोफाइलमध्ये ती जात नाही. ठिपके पुसले जायला झाकण आणि एलईडी यांच्यातलं अंतर निदान दोन एलईडींमधल्या अंतराएवढं लागतं. ६० च्या पट्टीत ते साधारण १७ मिमी येतं, बाजारातलं नेहमीचं प्रोफाइल ७-८ मिमी खोल असतं.

म्हणून दोन गोष्टी करा. पट्टी सीओबी (चिप-ऑन-बोर्ड) प्रकारची घ्या. तिच्यात ठिपके नसतात, सलग रेघ दिसते. आणि तिचं तोंड खोलीकडे ठेवूच नका. कॅबिनेटच्या तळाला, पुढच्या कडेच्या लगेच आत १६ × १६ मिमीचं कोपऱ्याचं ४५ अंशी प्रोफाइल स्क्रूने बसवा, तोंड आत स्कर्टिंगकडे. उजेड आधी स्कर्टिंगवर पडतो, तिथून फरशीवर उतरतो. खोलीतून पट्टी दिसत नाही. त्यासाठी स्कर्टिंग कॅबिनेटच्या कडेपासून ५० मिमी आत हवी; ३० मिमीपेक्षा कमी जागा असेल तर उजेड पसरत नाही, वर एक पांढरा पट्टा उमटतो, बस.

या रचनेत स्कर्टिंगचा पृष्ठभाग महत्त्वाचा. ॲल्युमिनियम फिनिशची चकाकणारी पीव्हीसी स्कर्टिंग पुन्हा आरसाच होते. मॅट, फिकट रंगाची घ्या. गडद राखाडी घेतलीत तर बराच उजेड तीच गिळते.

स्कर्टिंगमध्ये खाच मारायला माझा स्पष्ट विरोध आहे. ती क्लिपवर असते कारण पेस्ट कंट्रोलला, गळती शोधायला, खाली गेलेला चमचा काढायला ती निघाली पाहिजे. तिला वायर जोडली की प्लंबर ती ओढणार आणि सोल्डर सुटणार. शिवाय ओल्या पोछ्याचं पाणी सरळ खाचेत जातं.

सामान घेण्याआधी एक मीटर पट्टी पेटवून एका फळीखाली, तुमच्याच फरशीवर, रात्री धरून पाहा. शोरूमच्या मॅट फरशीवर जे सुंदर दिसतं ते तुमच्याकडे तसंच दिसेल असं नाही.

लोड_कॅल्क्युलेटर

वरच्या जागेबद्दल पूर्ण सहमत. आता विजेचं.

२४ व्होल्ट घ्या. एकूण लांबी ४.८ मीटर, मंद उजेडाला मीटरला ५ वॅट भरपूर, म्हणजे २४ वॅट. १२ व्होल्टवर २ अँपिअर होतात, २४ वर १. ड्रायव्हरपासून पट्टीपर्यंत ५ मीटर, १ स्क्वेअर मिमी तांब्याची दोन कोअर वायर धरली तर जाऊन-येऊन १० मीटरचा रोध साधारण ०.२ ओहम. १२ व्होल्टवर ०.४ व्होल्ट, म्हणजे ३ टक्क्यांहून जास्त वायरमध्येच गेले. २४ वर ०.२ व्होल्ट, एक टक्काही नाही. पट्टीच्या आतलं तांबं तर याहून पातळ, म्हणून १२ व्होल्टचा सलग ५ मीटर रोल शेवटी फिका पडतो.

तुमच्याकडे कोपरा आहे, त्याचा फायदा घ्या. वायर कोपऱ्यात आणा आणि तिथून ३ मीटर व १.८ मीटर अशा दोन फांद्या समांतर जोडा. सीओबी पट्टी आडवी वाकवू नका, आतली जोडणी तुटते आणि पुढचा तुकडा काही दिवसांनी लुकलुकायला लागतो. कोपऱ्यावर कापून वायरचा छोटा तुकडा सोल्डर करा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). दाबून बसवायचे क्लिप कनेक्टर ओलाव्यात काळे पडतात, फरशीलगत नकोतच.

ड्रायव्हर: लोड भागिले ०.८. २४ वॅटला ३० येतात, म्हणून ३६ किंवा ४० वॅटचा घ्या. दुकानात मीटरला ८ वॅटचीच सीओबी मिळाली, तर ३८.४ वॅट होतात आणि ड्रायव्हर ६० चा लागेल. मग मधे पीडब्ल्यूएम डिमर (वीज झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) टाकून उजेड खाली आणा. हा डिमर ड्रायव्हर आणि पट्टी यांच्यामध्ये बसतो. पंख्याचा रेग्युलेटर ड्रायव्हरच्या आधी लावू नका.

ड्रायव्हर कॉन्स्टंट व्होल्टेजचा, म्हणजे व्होल्ट कायम ठेवणारा, हवा. सीलिंगच्या डाउनलाइटसोबत येणारा, ३०० मिलिअँपिअर वगैरे लिहिलेला, कॉन्स्टंट करंट, म्हणजे करंट कायम ठेवणारा, असतो. तो इथे चालत नाही. बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी खूण बघून घ्या.

जागा: स्कर्टिंगमागे नको, सिंकखाली तर अजिबात नको. स्कर्टिंगमागे पाणी, झुरळं आणि कोंडलेली उष्णता तिन्ही असतात. टॉल युनिटच्या (उंच कपाटाच्या) वरच्या भागात किंवा ओव्हरहेड कॅबिनेटच्या माथ्यावर ठेवा, हात पोचेल आणि भोवती थोडी हवा खेळेल असा. आत्ताच भिंतीतून एक २० मिमीचा पाइप वरून कोपऱ्यापर्यंत टाकून घ्या. टाइल्स लागल्यावर हे जमणार नाही.

पट्टी कापण्याआधी कापखुणा बघा. ६० एलईडीच्या साध्या पट्टीत १२ व्होल्टला दर ५ सेंमीला, २४ ला दर १० सेंमीला खूण येते. सीओबीत ती बरीच जवळ असते, तेवढा कडेला अंधार कमी.

ओल_तज्ज्ञ

बाथरूमचा विषय वेगळा आहे, स्वयंपाकघरातलं उरलेलं सामान तिथे वापरू नका.

आयपी आकड्याबद्दल (धूळ-पाण्यापासून संरक्षण किती ते सांगणारा) गैरसमज फार. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवलं तरी आत पाणी जात नाही. पण त्यावरून ती पाण्याची धार सोसेलच असं ठरत नाही. धारेची चाचणी ६५ मध्ये येते. हेल्थ फॉसेट आणि बादलीभर पाणी फेकून फरशी धुणं, दोन्ही आपल्याकडे रोजचं. दोन्ही आकडे छापलेली पट्टी घ्या. सगळ्यात सोयीचं म्हणजे सिलिकॉनचं निऑन फ्लेक्स (सिलिकॉनमध्ये बंद केलेली लवचीक पट्टी), कारण त्याला वेगळं प्रोफाइल लागत नाही.

प्रोफाइल टाळण्याचं कारण म्हणजे टाइल्स साफ करायचं ॲसिड. त्याचे शिंतोडे ॲल्युमिनियमवर उडाले की पांढरी भुकटी सुटते, मग खड्डे पडतात. प्रोफाइल हवंच असेल तर पॉलिकार्बोनेटचं. आणि पट्टीवर इपॉक्सीचा थर नको, तो पिवळा पडतो. सिलिकॉनची नळी हवी.

९०० मिमीसाठी पट्टी कापली की कारखान्यातलं सील गेलं. टोपण बसवताना न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारा साधा सीलंट सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतो आणि बंद जागेत तांबं हिरवं पडतं. इतकी काळजी घेऊनही पट्टी सहा महिन्यांत मेली तर बहुतेक वेळा कारण याच टोकाला सापडतं.

ड्रायव्हर बाथरूमच्या बाहेर, पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमध्ये, झाकण उघडून काढता येईल असा. आयसोलेटेड (२३० व्होल्टच्या बाजूपासून विजेने वेगळा केलेला), दुहेरी चौकोनाची खूण असलेला. त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवी. मात्र ती २३० व्होल्टच्या बाजूचं रक्षण करते. ड्रायव्हरच्या पलीकडे २४ व्होल्टच्या बाजूला ओल शिरली तर तिला कळत नाही. म्हणून पलीकडचं सील नीट करायचं.

मधुरा_कोथरूड

खूप आभार. खाच रद्द, पाइप उद्याच टाकून घेते. सेन्सर कोणता? आणि दोन्हीकडे रंग एकच ठेवावा का?

ओल_तज्ज्ञ

पीआयआर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) घ्या. मायक्रोवेव्ह सेन्सर प्लायवूड आणि दारापलीकडची हालचालही टिपतो, पॅसेजमधून कुणी गेलं तरी दिवा लागतो. पीआयआरला काच किंवा ॲक्रिलिकमागे लपवू नका, त्यातून त्याला दिसत नाही.

तो आडवी हालचाल चटकन पकडतो, सरळ अंगावर येणारी उशिरा. व्हॅनिटीखाली दाराकडे तोंड करून लावला तर आत येणारा माणूस थेट त्याच्या दिशेने येतो आणि दोन पावलं अंधारात पडतात. वयस्कर माणसांसाठी हीच दोन पावलं धोक्याची. दाराच्या बाजूच्या भिंतीवर, ३०० ते ४०० मिमी उंचीवर, दारातून येणाऱ्याला आडवा बघेल असा बसवा. ड्रायव्हर पॅसेजमध्येच आहे, तर दुसरा सेन्सर दाराबाहेर समांतर लावता येतो. बंद होण्याचा वेळ ३ ते ५ मिनिटं ठेवा. ३० सेकंद ठेवलात तर कमोडवर शांत बसलेल्या माणसावर अंधार होईल.

मे महिन्यात खोली ३५ अंशांपुढे तापली की अंग आणि भिंत यांच्या तापमानात फरक कमी उरतो, तेव्हा पीआयआर जरा मंदावतो. एक साधा स्विच समांतर ठेवा.

उजेड_आणि_सावली

रंग: खालची पट्टी दोन्हीकडे २७०० किंवा ३००० केल्व्हिन, म्हणजे पिवळसर (आकडा वाढला की उजेड पांढरा होतो). ओव्हरहेडखाली भाजी चिरायला ४००० लावलात तरी चालेल, दोन्ही सहसा एकत्र लागत नाहीत. खाली ६५०० नको. रात्री डोळ्यांना टोचतो आणि पांढऱ्या फरशीवरचा प्रत्येक डाग दाखवतो. सगळी पट्टी एकाच वेळी, एकाच बॅचची घ्या, नाहीतर कोपऱ्यावर दोन पिवळे शेजारी दिसतात.

जुना_ओटा

मधेच विचारतो. आमच्याकडे कडप्प्याच्या कप्प्यांचा ओटा आहे, स्टीलच्या ट्रॉल्या, खाली टाइल लावलेलं ४ इंची चिणकाम. तिथे ही पट्टी बसेल?

उजेड_आणि_सावली

तळाचा कडप्पा चिणकामापुढे किती येतो ते मोजा. ३० मिमी किंवा जास्त असेल तर छोटं कोपऱ्याचं प्रोफाइल न्यूट्रल सिलिकॉनने कडप्प्याच्या खालच्या बाजूला चिकटवा. आधी दगड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेलकट दगडावर काही धरत नाही, आणि २४ तास टेप लावून ठेवा. नुसती पट्टी तिच्या मागच्या टेपवर दगडाला लावू नका, पावसाळ्यात सुटेल. कडप्पा चिणकामाच्या बरोबरीने असेल तर खाली जागाच नाही. मग वायर समोरच्या भिंतीवर नेऊन ३०० मिमी उंचीवर लहान स्टेप लाइट बसवा, खाली तोंड असलेले, दर दीड मीटरला एक.