रनर्स वर्ल्ड आणि यासो ८००

रनर्स वर्ल्ड हे धावण्यावरचं मासिक बूट खपवायला कंपन्यांनी काढलं असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. १९६६ला कॅन्ससमधल्या बॉब अँडरसन नावाच्या १७ वर्षांच्या पोराने १०० डॉलर घालून ते सुरू केलं, तेव्हा नाव होतं डिस्टन्स रनिंग न्यूज. बुटांच्या क्रमवाऱ्या नंतर आल्या, त्यावरून भांडणंही झाली, ते मान्य.

पण या मासिकाबद्दल बोलताना यासो ८०० या मॅरेथॉनच्या सरावाचं नाव कुणीच काढत नाही! मासिकात पूर्वी काम करणाऱ्या बार्ट यासोंची ही पद्धत, मॅरेथॉन ४ तासांत हवी तर ८०० मीटर ४ मिनिटांत, असं १० वेळा आणि मध्ये तेवढाच वेळ हळू जॉगिंग. आमच्या मैदानावर अजूनही पहाटे घड्याळ बघत हेच चालतं, आठव्या फेरीला पाय अक्षरशः दगड होतात.